परक्या कोडचे वाचक

मीरा-भाईंदरचा इतिहास सांगताना घोडबंदरचा किल्ला, उत्तनचे कोळीवाडे, भाईंदरची मिठागरे आणि स्टीलच्या भांड्यांचे कारखाने यांचा उल्लेख होतो आणि मग एकदम इमारतींची गर्दी सुरू होते. त्या गर्दीचा इतिहास मात्र फारसा कुणी लिहीत नाही. १९८५ साली इथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली. मुंबईत नोकरी आहे पण घर परवडत नाही, अशा कुटुंबांनी हे शहर भरले. ज्या दशकांत ते भरत होते त्याच दशकांत, अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सुरू झालेल्या सीप्झमध्ये आणि पुढे मुंबई-पुण्यात सगळीकडे, सॉफ्टवेअर निर्यातीचा धंदा वाढला. त्या धंद्याविषयी एक मत आता इतके रुजले आहे की ते कुणी तपासूनही पाहत नाही: नवे जे घडले ते अमेरिकेत, आपल्या वाट्याला आली ती परक्यांनी लिहिलेल्या कोडची देखभाल, म्हणजे हमाली. हे मत निम्मे चुकीचे आहे. ते दाखवायला मी अशी एक विद्या निवडतो, जिचा आधार आज बँका, रुग्णालये आणि महापालिका यांच्या सुरक्षेला लागतो: प्रोग्राम चालवून न पाहता, त्याचा मूळ कोड यंत्राकडून वाचून घेऊन त्यातली सुरक्षेची भगदाडे शोधण्याची विद्या. मुंबई-पुण्यात ही विद्या सुरक्षेच्या काळजीतून जन्मली नाही. तिची एक मुळी त्याच हमालीत आहे आणि दुसरी पवईच्या आयआयटीत शिकवल्या जाणाऱ्या, वरवर कोरड्या वाटणाऱ्या एका विषयात आहे.

भगदाड म्हणजे काय, ते आधी पाहू. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत 'मॉरिस वर्म' नावाचा प्रोग्राम इंटरनेटवर सुटला आणि हजारो संगणक त्याने जाम केले. आत शिरण्याची त्याची एक वाट 'फिंगर' या छोट्या सेवेतून जात होती. बाहेरून आलेला मजकूर ठेवायला त्या सेवेत ५१२ अक्षरांची जागा होती. मजकूर त्याहून लांब आला तर काय, हा प्रश्न कोड लिहिणाऱ्याने विचारलाच नव्हता. जादा अक्षरे शेजारच्या स्मृतीवर सांडली आणि संगणक तीच अक्षरे हुकूम समजून पाळू लागला. असा कोड यंत्राने वाचून पकडावा ही कल्पना त्याच्याही आधीची आहे. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास 'लिंट' हा प्रोग्राम लिहिला, तो सी भाषेतल्या संशयास्पद ओळी दाखवून द्यायचा. पण एकेक ओळ पाहून फारसे हाती लागत नाही. भाईंदरच्या मिठागरात खाडीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत येते आणि चरांमधून एका वाफ्यातून दुसऱ्यात जाते. एखाद्या वाफ्यात घाण कुठून आली हे शोधायचे तर चरामागून चर तपासत उघाडीपर्यंत मागे जावे लागते आणि वाटेत कुठे जाळी होती का, तेही पाहावे लागते. कोड वाचणारे यंत्र हेच करते. वापरणाऱ्याने टाइप केलेले नाव, आकडा, पाठवलेली फाइल ही बाहेरची माहिती कुठकुठल्या चलांमधून, कुठल्या फंक्शनमधून फिरत एखाद्या नाजूक जागी पोहोचते, आणि वाटेत तिची तपासणी झाली का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. नाजूक जागा म्हणजे स्मृतीत लिहिणारी आज्ञा, डेटाबेसला विचारलेला प्रश्न, फाइल उघडणारी ओळ. कोड वाचणारी आजची बहुतेक सुरक्षा-साधने या एका प्रश्नाभोवती उभी आहेत.

हा प्रश्न सोडवायचा तर परक्याने लिहिलेला, कागदपत्रे हरवलेला, लाखो ओळींचा कोड यंत्राला समजेल अशा रूपात आणता यायला हवा. ही गरज आपल्याकडे फार लवकर निर्माण झाली, कारण आपल्या धंद्याची सुरुवातच तिथून आहे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे १९७४ च्या सुमारास बरोज या अमेरिकन कंपनीचे काम आले. रुग्णालयाच्या एका प्रणालीचा कोबोल कोड एका जातीच्या बरोज यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर न्यायचा होता. मुंबईत हाताशी संगणक होता तो दुसऱ्याच कंपनीचा, आयसीएल १९०३. एका यंत्राची भाषा दुसऱ्याला चालत नाही, म्हणून मधल्या रूपांतराचे साधन स्वतःच लिहावे लागले. परिस्थितीने शिकवलेला हा धडा कंपनीचे प्रमुख फकीरचंद कोहली यांनी संस्थेत रुजवला. १९८१ मध्ये पुण्याला टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर उभे राहिले, ई. सी. सुब्बाराव त्याचे पहिले संचालक. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या केंद्रात एका बाजूला धातू, सिमेंट आणि प्रक्रिया-उद्योगांवर संशोधन चाले आणि दुसऱ्या बाजूला 'सॉफ्टवेअर लिहिणारे सॉफ्टवेअर' तयार होत असे. तिथे आलेले केशव नोरी झुरिचला निकलाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेच्या 'पी-कंपायलर'वर काम केलेले गृहस्थ. पुढे केंद्राची धुरा सांभाळणारे मथाई जोसेफ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संगणकशास्त्रात मुरलेले. नुसत्या हमालीसाठी अशी माणसे कुणी जमवत नाही. कोड हे शास्त्रीय अभ्यासाचे द्रव्य आहे, अशी धारणा या निवडीमागे होती.

मग वाय-टू-के आले. वर्षाचे दोनच आकडे साठवणारे कोट्यवधी ओळींचे कोबोल प्रोग्राम १ जानेवारी २००० च्या आत दुरुस्त करायचे होते आणि भारतीय कंपन्यांना पैसा मिळवून देणारे हे मोठे काम ठरले. या कामाची हेटाळणी खूप झाली. पण त्यातली बौद्धिक अडचण काय होती ते पाहा. एखाद्या चलात तारीख आहे हे कळणार कसे? 'डेट' असे नाव असलेली चले सोपी, पण तीच किंमत पुढे दहा वेगळ्या नावांच्या चलांत जाते, एका फाइलमधून दुसऱ्या प्रोग्रामात जाते, कधी तिचे दोन आकडे कापून तिसरीकडेच चिकटवले जातात. म्हणून साधन करावे लागले ते असे: ज्यांच्याबद्दल खात्री आहे त्या चलांना खूण करायची आणि ती खूण कोडभर कुठे पसरते हे यंत्राला शोधायला लावायचे. खूण तारखेची असेल तर त्याला वाय-टू-केची दुरुस्ती म्हणायचे. खूण 'बाहेरून आलेली अविश्वासू माहिती' अशी असेल तर त्यालाच सुरक्षा-विश्लेषण म्हणायचे. गणित तेच राहते. २००० सालच्या आसपास अमेरिकेत सी भाषेतली सुरक्षा-भगदाडे शोधणारी आयटीएस-४ किंवा फ्लॉफाइंडरसारखी पहिली साधने आली तेव्हा ती धोकादायक फंक्शनांची नावे शोधून यादी देत होती, माहितीचा प्रवास फारसा पाहत नव्हती. प्रवास शोधण्याचे काम तोवर देखभालीच्या धंद्याने रोजचे करून टाकले होते. श्रेय एकट्या मुंबई-पुण्याचे मी म्हणत नाही. जगात जिथे जिथे जुना कोड दुरुस्त झाला तिथे हे घडले. पण सर्वांत जास्त जुना कोड ज्या देशांत वाचला गेला त्यांत आपण होतो, हे नाकारता येत नाही.

हे गणित कुठून आले? कंपायलरमधून, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्राममधून. कंपायलरला प्रोग्राम वेगवान करायचा असतो, त्यासाठी कुठली किंमत कुठवर पोहोचते हे त्याला ठाऊक असावे लागते. गॅरी किल्डॉल यांनी १९७३ मध्ये त्याची एकसंध मांडणी केली आणि 'डेटा फ्लो अॅनालिसिस' ही शाखा पक्की झाली. १९७९ मध्ये मोरेल आणि रनव्ह्वाझ या फ्रेंच संशोधकांनी अशी एक पद्धत दिली, जिच्यात माहिती कोडमध्ये पुढेही वाहते आणि मागेही. ती उपयोगी होती, पण तिचा पाया धूसर होता. तो स्वच्छ करण्याचे मोठे काम पवईच्या आयआयटीत झाले. प्रा. धनंजय ढमढेरे यांनी वर्षानुवर्षे या दुहेरी प्रवाहाचा पाठपुरावा केला, आणि त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांच्याबरोबर लिहिलेला अशा विश्लेषणाच्या सर्वसाधारण सिद्धान्तावरचा निबंध १९९४ मध्ये प्रोग्रामिंग भाषांच्या अग्रगण्य नियतकालिकात आला. ढमढेऱ्यांची सिस्टिम्स प्रोग्रामिंगची पाठ्यपुस्तके तर देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पोहोचली. कंपायलर आतून कसा चालतो हे कितीतरी विद्यार्थ्यांना त्यांतून कळले. पुढे खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी २००९ मध्ये 'डेटा फ्लो अॅनालिसिस' या विषयावर पूर्ण ग्रंथ लिहिला. प्रीतम घरत आणि केंब्रिजचे अॅलन मायक्रॉफ्ट यांच्यासह खेडकरांनी पॉइंटरच्या विश्लेषणावर जे काम केले, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. पॉइंटर म्हणजे स्मृतीतल्या जागेकडे बोट दाखवणारे चल. एकाच जागेकडे दोन बोटे असतील तर एकाने केलेला बदल दुसऱ्यालाही लागू होतो, पण कोड वाचताना तो दुसऱ्याच्या नावावर दिसत नाही, आणि सी भाषेतली सर्वांत घातक भगदाडे नेमकी तिथे दडतात. या सगळ्या कामाच्या शीर्षकांत 'सुरक्षा' हा शब्द शोधायला गेलात तर तो जवळजवळ सापडणार नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ही माणसे सुरक्षेचा विचारच करत नव्हती, मग मागाहून त्यांच्या कामाला सुरक्षेचा इतिहास म्हणणे ही ओढाताण नाही का? उत्तर त्यानंतरच्या कामात मिळते. भाभा अणुसंशोधन केंद्राला अणुभट्टीशी निगडित सॉफ्टवेअर चुकून चालणारे नव्हते. तिथल्या अभियंत्यांनी आयआयटीच्या एस. रमेश यांच्याबरोबर सी प्रोग्राम औपचारिक पद्धतीने पडताळून पाहणारे 'एस' हे साधन केले आणि २००२ मध्ये ते जाहीर मांडले. पुण्याच्या टाटा केंद्रात मोटारींच्या आतल्या सी कोडसाठी 'एम्बेडेड कोड अॅनालायझर' तयार झाला. तो शून्याने भागाकार, अंकगणितात मर्यादेबाहेर जाणे, अॅरेच्या हद्दीबाहेर वाचणे-लिहिणे, चुकीच्या पॉइंटरचा वापर हे शोधतो. अॅरेच्या हद्दीबाहेर लिहिणे म्हणजे १९८८ च्या त्या ५१२ अक्षरांचाच दोष. मोटारीत त्याला सुरक्षिततेचा दोष म्हणतात, बँकेत सुरक्षेचा. फरक एक आहे आणि तो मी लहान मानत नाही. मोटारीत चुकीची माहिती अपघाताने येते, बँकेत ती कुणीतरी मुद्दाम तयार करून पाठवतो. लाखात एकदा घडणारा योग मोटारीत क्वचितच येईल. हल्लेखोर मात्र तोच योग जुळवून आणतो. म्हणून सुरक्षेला चाचण्या पुरत नाहीत, सगळ्या वाटा पाहणारे वाचन लागते, आणि या साधनांचा आग्रह पहिल्यापासून सगळ्या वाटांचाच होता. अणुभट्टी आणि मोटार यांच्या शिस्तीत वाढलेली विद्या सुरक्षेला उसनी द्यावी लागली हे खरे, पण ती तिला हलकी पडली नाही.

याहून मोठी अडचण खोट्या इशाऱ्यांची. हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले की कुठल्याही प्रोग्रामच्या वागणुकीबद्दलच्या कुठल्याही अर्थपूर्ण प्रश्नाचे नेहमी अचूक 'हो' किंवा 'नाही' देणारे यंत्र असूच शकत नाही. त्यामुळे साधन करणाऱ्याला निवड करावी लागते: काही भगदाडे सुटू द्यायची किंवा जिथे भगदाड नाही तिथेही इशारा द्यायचा. दुसरा मार्ग सुरक्षित वाटतो, पण तो माणसाला थकवतो. स्टॅनफर्डच्या संशोधनातून निघालेल्या कोव्हेरिटी या कंपनीच्या मंडळींनी २०१० मध्ये आपला अनुभव मोकळेपणाने लिहिला: खोटे इशारे ३० टक्क्यांच्या वर गेले की लोक साधनाकडे दुर्लक्ष करू लागतात, आणि मग खरे इशारेही त्याच ढिगात बुडतात. पुण्याचे सर्वांत मोलाचे काम माझ्या मते इथे झाले. टाटा केंद्रातले तुकाराम मुस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आणखी दोष कसे शोधायचे' हे विचारण्याऐवजी 'इशारे वाचणाऱ्या माणसाचा वेळ कसा वाचवायचा' हे विचारले. २०१३ मध्ये त्यांनी एकाच मुळातून निघालेल्या इशाऱ्यांचे गट पाडले, म्हणजे गटातला एक म्होरक्या तपासला की बाकीच्यांचा निकाल बहुधा आपोआप लागतो. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांच्याबरोबर त्यांनी जगभरच्या अशा उपायांचा आढावा घेतला, आणि २०१८ मध्ये इशारे मूळ कारणाच्या जवळ सरकवून त्यांची संख्या कमी करण्याची रीत मांडली. हा प्रश्न पुण्यातच इतक्या चिकाटीने का विचारला गेला? माझा तर्क असा की इशाऱ्यांची चळत पुढ्यात घेऊन ती संपवणारी माणसे त्याच इमारतीत होती. नवीन प्रोग्राम लिहिणाऱ्याला यंत्राची हुशारी दिसते. परक्याचा कोड निस्तरणाऱ्याला मात्र यंत्राने आपल्यावर टाकलेले काम दिसते.

यंत्र सुटू देते त्या भगदाडांबद्दलही बोलले पाहिजे. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेले 'हार्टब्लीड' हे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधले भगदाड दोन वर्षे जगभरच्या सर्व्हरांवर होते. समोरचा सांगेल तेवढी लांबी खरी मानून तेवढी स्मृती परत पाठवणे, एवढाच त्याचा दोष, आणि तो त्या काळच्या नामांकित साधनांनाही दिसला नव्हता. मागाहून कोव्हेरिटीने अशा लांबीला अविश्वासू मानणारा नवा नियम घातला तेव्हा तो दिसला. म्हणजे यंत्र आपण शिकवू तेवढ्याच उघाड्या ओळखते. यावर पडताळणीची दुसरी परंपरा अधिक कठोर उत्तर देते: नको असलेली अवस्था कधीही गाठली जाणार नाही, याचे प्रमाणच द्या. या कठोर परंपरेतही पुणे मागे नाही. टाटा केंद्राचे 'व्हेरिअॅब्स' हे साधन एसव्ही-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नेमक्या याच गटात २०१९, २०२० आणि २०२१ मध्ये पहिले आले. पण त्या स्पर्धेत लागणारे काटेकोर प्रमाण एखाद्या महापालिकेच्या करवसुलीच्या संपूर्ण प्रणालीला देणे आजही कुणाला जमलेले नाही.

मीरा रोडचा रहिवासी मात्र वेगळाच आक्षेप घेईल आणि त्याला तो अधिकार आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे टाकले तेव्हा सातशेहून अधिक माणसे ताब्यात घेतली गेली. तिथून अमेरिकेतल्या लोकांना करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून लुबाडले जात होते. त्या गुन्ह्यात कोडचे एकही भगदाड लागले नव्हते. फोन, भीती आणि खोटे बोलणे एवढे पुरले. आजही सर्वसामान्य माणूस लुटला जातो तो बहुतेकदा ओटीपी सांगून. मग कोड वाचणाऱ्या यंत्रांचे एवढे कौतुक कशाला? माझे उत्तर असे की या दोन गुन्ह्यांत बळी पडणाऱ्याची स्थिती सारखी नसते. फोनवरच्या भामट्याला नकार देता येतो. तो द्यायला शिकवणे हे पोलिसांचे आणि समाजाचे काम आहे, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून या शहराला वसई-विरारसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळाले आहे ते अशाही कामासाठी. कोडमधल्या भगदाडाला मात्र नागरिकाची परवानगी लागत नाही. त्याने काहीही चुकीचे केले नसताना त्याचा पत्ता, मालमत्तेची नोंद, मुलाचा जन्मदाखला दुसऱ्याच्या हाती जातो आणि त्याला कळतही नाही. जिथे नागरिक स्वतःचे रक्षण करूच शकत नाही, तिथे ते करण्याची जबाबदारी प्रणाली चालवणाऱ्यावर येते.

आता मोठी भाषिक मॉडेले कोड वाचू लागली आहेत, तेव्हा हा सगळा इतिहास कालबाह्य झाला, असेही ऐकू येते. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने यंत्राकडून भगदाडे शोधून बुजवण्याची जी स्पर्धा घेतली, तिची अंतिम फेरी ऑगस्ट २०२५ मध्ये झाली. तिथली जिंकणारी प्रणाली मॉडेलांच्या जोडीला यादृच्छिक चाचण्या आणि जुन्या घडणीचे प्रोग्राम-विश्लेषण वापरत होती. मॉडेल अंदाज छान बांधते, पण तो अंदाज खरा की खोटा हे ठरवायला माहितीचा प्रवास तपासावाच लागतो. शिवाय मॉडेलही खोटे इशारे देते, तेही फार आत्मविश्वासाने लिहिलेले. ते निस्तरणाऱ्या माणसाचा वेळ हा पुण्याचा जुना प्रश्न त्यामुळे आणखी मोठा झाला आहे.

मला खटकते ते एवढेच, की ही विद्या इथे घडली आणि तिचा लाभ प्रामुख्याने दूरच्या ग्राहकांना झाला. रिझर्व्ह बँकेने २०१६ च्या सायबर सुरक्षा चौकटीत बँकांना महत्त्वाच्या प्रणालींच्या मूळ कोडची तपासणी करून घेण्याचा विचार करायला सांगितले. सरकारी संकेतस्थळांना केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा-तपासणी करून घ्यावी लागते, पण ती बरेचदा चालू संकेतस्थळ बाहेरून ठोठावून केली जाते. आतला कोड कुणी वाचतोच असे नाही. घरपट्टी, पाणीपट्टी आणि जन्म-मृत्यू नोंदणी सांभाळणाऱ्या प्रणालीसाठी कुठलीही महापालिका निविदेत दोन साध्या अटी घालू शकते: कोड यंत्राकडून वाचून घेतल्याचा अहवाल द्यावा, आणि त्यातल्या प्रत्येक इशाऱ्याचे काय केले, कुणी केले, हे लिहून द्यावे. दुसरी अट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे, कारण अहवाल यंत्र छापून देते, निकाल माणसालाच द्यावा लागतो. हे काम करू शकणारे अभियंते याच शहरातून रोज लोकलने कामाला जातात. मीरा-भाईंदर महापालिकेने पुढच्या संगणक प्रणालीची निविदा काढताना या दोन अटी घालाव्यात, आणि तिच्या नागरिकांनी त्या आहेत की नाहीत हे विचारावे.